चिठ्ठी क्रमांक ४१२ : हिराबाईंचे पाच पैसे

मी, कल्याणी तात्याराव रणपिसे, वय वर्षे ७१, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार येरवडा, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर असताना आणि चष्मा लावून लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणत्याही माणसाचे दडपण नाही. दडपण आहे ते गुरुवारचे. येत्या गुरुवारी, सोळा तारखेला, माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. "काळजीचं काही कारण नाही," असे डॉक्टर दोनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर मी निर्धास्त झाले असते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. असा दुसरा कागद कोणी पुढे आणल्यास तो खोटा समजावा.

वकीलबाईंनी मला मोजकेच लिहा, असे बजावले आहे. मी प्रयत्न करते. मात्र एक गोष्ट आधीच सांगते. कलम चौथे हे हिराबाई राऊत यांच्या नाण्याबद्दल आहे आणि खरे तर त्या एका कलमासाठीच हा सगळा खटाटोप आहे. ते लिहायला हात धजत नाही, म्हणून त्याची जागा मोकळी सोडून मी पुढची कलमे आधी लिहिणार आहे. जागा मोकळीच राहिली तर मी भित्री होते असे समजावे.

कलम पहिले. माझी राहती सदनिका मी स्वकष्टाच्या पैशातून घेतली आहे. ती माझ्या पश्चात माझा भाचा प्रज्ञेश रणपिसे याला मिळावी. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच. येरवड्यात राहते म्हटले की लोक आधी तुरुंगाचे नाव काढून हसतात. घरात दोन्ही बाजूंनी वारा येतो का, हे कोणी विचारत नाही. येतो. गॅसचा नॉब मात्र रोज दोनदा तपासावा. तो बंद झाल्यासारखा वाटतो, पण होत नाही. हे मी प्रज्ञेशला तोंडी सांगितले आहे, पण त्याने तेव्हा कानात काहीतरी घातले होते.

कलम दुसरे. टपालातील ठेव, बँकेतील ठेव आणि बचत खात्यातील शिल्लक प्रज्ञेशलाच मिळावी. खात्यातून गेल्या महिन्यात एक लाख सत्तर हजार रुपये गेलेले दिसतील. त्याचा खुलासा चौथ्या कलमात येईल. तो वाचेपर्यंत प्रज्ञेशने कोणालाही फोन करू नये. कोणालाही म्हणजे पोलिसांनासुद्धा.

कलम तिसरे. नाण्यांचा संग्रह. टेलिफोन खात्यात सार्वजनिक फोनच्या पेट्यांतून निघालेली नाणी मोजण्याच्या टेबलावर मी बावीस वर्षे काढली. लोक फोनमध्ये काय काय टाकत! वॉशर, कोटाची बटणे, पत्र्याचे घासून गोल केलेले तुकडे आणि अधूनमधून चलनातून कधीच गेलेली नाणी. हा बाद माल एका डब्यात पडून असे. साहेबांना विचारून मी त्यातली काही नाणी, खिशातून बदली पैसे भरून, घरी आणली आणि तिथून हा नाद लागला. भोकाचा पैसा, चौकोनी एक पैसा, षटकोनी तीन पैसे, कमळाचे पितळी वीस पैसे, असे सर्व काही लोखंडी कपाटात वरच्या दोन खणांत आहे. वीस पैशांच्या त्या नाण्यात सोने आहे अशी जुनी अफवा आहे. सोने नाही. आहे म्हणून वाद घालणाऱ्याला चहा देऊ नये.

या सगळ्याची योग्य किंमत आज पंचावन्न ते साठ हजार रुपये आहे. मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात तशी कोटीत नाही. संग्रह जवळच्या महापालिकेच्या शाळेला द्यावा आणि मुलांना नाणी हातात घेऊ द्यावीत. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवणार असतील तर देऊ नये. दिवाळीला चिंच-मीठ लावून ती कोणी घासू नयेत. घासलेले नाणे चकाकते खरे, पण त्याला मग कोणी विचारत नाही. माझे भिंग आणि वजनाचा छोटा काटा प्रज्ञेशची पत्नी ऋचा हिला. माझ्या टेबलाशी बसून दोन प्रश्न विचारणारी घरात ती एकटीच.

कलम पाचवे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अनिरुद्ध यांनी मागच्या वर्षी 'जुन्या पाच पैशांना पाच लाख' असा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, "आपल्या कल्याणी मॅडमकडे तर पोतंभर आहेत." पुढचे आठ दिवस माझ्या दारावरची बेल थांबली नाही. नवव्या दिवशी मी खिडक्यांना लोखंडी जाळी बसवून घेतली. तिचा खर्च नऊ हजार चारशे रुपये मी त्यांना माफ करते. अट एकच. माझ्या निधनाची बातमी त्यांनी ग्रुपवर टाकू नये. ते बातमीखाली गुलाबाचे हलणारे फूल टाकतात.

कलम सहावे. चिठ्ठीबुके. गेली एकतीस वर्षे लोक माझ्याकडे जुनी नाणी घेऊन येतात आणि मी किंमत सांगते. पैसे घेत नाही. प्रत्येक नाण्याची चिठ्ठी करते. चिठ्ठीवर साल, टाकसाळ, वजन, स्थिती, किंमत आणि खाली माझी सही. वरची प्रत मालकाला जाते आणि कार्बनची प्रत बुकात राहते. अशा बाराशे सहा चिठ्ठ्या झाल्या. जुन्या बाजारात माझी चिठ्ठी दाखवली की घासाघीस होत नाही, असे लोक म्हणतात. ते ऐकून मला बरे वाटत असे. आता वाटत नाही. ही बुके जाळू नयेत. चिठ्ठी क्रमांक ४१२ ची कार्बन प्रत मी तीनदा फाडायला घेतली होती, पण बुकाची पाने छापील अनुक्रमांकाची आहेत, मधले एक गेले की दिसते.

कलम सातवे. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने आणि थोडक्यात करावा. भाषणे नकोत. माझ्या सचोटीबद्दल तर कोणी अवाक्षर काढू नये.

आता कलम चौथे. आज शनिवार, ११ तारीख. प्रज्ञेश, बसून वाच.

हिराबाई बबन राऊत आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर इस्त्रीचे दुकान चालवतात. २००९ साली त्यांचे यजमान गेले. दहावे झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या तंबाखूची एक डबी घेऊन माझ्याकडे आल्या. सोबत लोणी काळभोरहून आलेला धाकटा दीर होता. डबीत बबनरावांनी साठवलेली तेवीस नाणी होती. दीर दारातूनच म्हणाला, "बाई, बिगीनं बघा. वहिनीला गावाकडं न्यायचीय, हितली खोली इकायचीय. एकटी बाईमाणूस हितं ऱ्हाऊन काय करनार?" त्याच्या बोटात खोलीची किल्ली फिरत होती. हिराबाई खाली बघत होत्या.

मी एकेक नाणे भिंगाखाली घेतले. काही नव्हते. सगळी रोजची नाणी, गल्लोगल्ली सापडतील अशी. बाविसावे झाल्यावर मी पाच पैशांचे शेवटचे ॲल्युमिनियमचे नाणे उचलले आणि म्हणाले, "हे चाळीस हजारांचं आहे."

का म्हणाले? ती किल्ली बघवत नव्हती. दुसरे कारण मला सोळा वर्षे शोधून सापडलेले नाही.

दीर म्हणाला, "लिवून द्या." मी लिहून दिले. तीच चिठ्ठी क्रमांक ४१२. (नाण्यावरचे साल इथे लिहीत नाही. लिहिले तर उद्या पुण्यातली निम्मी माणसे ते शोधत फिरतील.) चिठ्ठीवर सगळे भरले, फक्त वजनाचा रकाना भरला नाही. खोट्यासाठी नाणे काट्यावर ठेवायला हात उचलेना. चाळीस हजारांची मालकीण असलेल्या वहिनीला ओढत नेता येत नाही, हे दिराला कळले. त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि तो गेला.

मला वाटले, आठवड्याभरात हिराबाईंना खरे सांगावे. पण त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडंच असूं द्या. अडीनडीला लागंल." आणि त्या ताठ चालायला लागल्या. दुसरी इस्त्री घेतली. दुकानाला पत्रा घातला. दर दिवाळीला चकल्या घेऊन वर यायच्या आणि विचारायच्या, "काय म्हनतंय आपलं नाणं?" मी भाव वाढवून सांगायची. एका वर्षी विश्वास बसावा म्हणून मुद्दाम उतरवला, तर त्या दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मी दुप्पट वाढवला. असे करत ते नाणे एक लाख साठ हजारांवर गेले. आज कोणी त्याचे वीस रुपये दिले तर देणाऱ्याची कीव करावी.

मी रोज सकाळी पंचशील म्हणते. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. तिथे आले की माझा आवाज आपोआप खाली जातो. सोळा वर्षे जातो आहे.

गेल्या महिन्यात हिराबाई चकल्यांशिवाय वर आल्या. लेकीची मुलगी स्वराली हिला लोणी काळभोरच्या एका कॉलेजात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. म्हणाल्या, "ताई, आता काढा ते."

माझ्याकडे पैसे होते. पण हिराबाईंना नुसते पैसे देता येत नाहीत. एकदा इस्त्रीचे सत्तर रुपये माझ्याकडून जास्त गेले तर ते परत करायला त्या दोन मजले चढून आल्या होत्या. म्हणजे नाणे विकले जायला हवे होते, तेही माहीतगार माणसाला, त्यांच्यादेखत. एवढ्या मोठ्या खोट्यासाठी मी ज्याच्याकडे जाऊ शकेन असा व्यापारी शोधू लागले आणि एकच सापडला. साईनाथ परदेशी.

साईनाथ जुन्या बाजारात नाणी विकायचा. अकरा वर्षांपूर्वी त्याने एका निवृत्त मास्तरांना साल कोरून बदललेले नाणे विकले. संग्राहकांच्या बैठकीत मी ते नाणे शंभर माणसांपुढे वर धरले आणि म्हणाले, "ज्याची चिठ्ठी खोटी तो माणूस खोटा." तो म्हणत होता, "बाई, मलाही ते तसंच मिळालं. मी फसलोय." मी त्याला बोलू दिले नाही. महिन्याभराने मला कळले की तो खरोखरच फसला होता. मास्तरांचे पैसेही त्याने परत केले होते. मी बैठकीत उभी राहून हे सांगायला हवे होते. सांगितले नाही. त्याचे टेबल बंद झाले आणि तो मोबाइलची कव्हरे विकू लागला. त्याच्या हातून चूक झाली होती. लबाडी मी केली होती, आणि तीही त्याच्या पाच वर्षे आधी.

मी त्याच्या कव्हरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "अकरा वर्षांनी आलात. कोणता फोन आहे?"

नाण्यासोबत माझ्याकडेच राहिलेली चिठ्ठी मी पुढे केली. त्याने ती नुसती पाहिली. "वजन लिहिलेलं नाही."

"नाही."

"मग नाणं बघायची गरज नाही," तो म्हणाला आणि त्याने मला स्टूल दिले.

ठरले ते असे. मी त्याला धनादेश द्यायचा, त्याने त्या पैशातून हिराबाईंच्या हातात धनादेश द्यायचा. २८ सप्टेंबरच्या रविवारी तो घरी आला. हिराबाई नवी साडी नेसून बसल्या होत्या. साईनाथने भिंग काढले आणि पाच मिनिटे नाणे उलटसुलट पाहिले. मग म्हणाला, "बाई एक साठ म्हणतात. मी एक सत्तर देतो."

पैसे माझे, आणि मला ब्र काढता येईना! नंतर जिन्यात मी त्याला गाठले. "दहा हजार कशाला वाढवलेस? सूड का?"

"नाही. त्या नवी साडी नेसून आल्या होत्या," तो म्हणाला. "ठरलेल्याच भावाला कोणी नवी साडी नेसतं का?" आणि चिठ्ठी माझ्या हातात देऊन तो गेला. दलाली घेतली नाही. चहासुद्धा अर्धा ठेवला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण प्रज्ञेशने माझ्या बँकेच्या ॲपमध्ये आकडा पाहिला. "आत्या, वन सेव्हंटी? हा साईनाथ परदेशी कोण? गूगल केलं मी, त्याची ऑलरेडी फ्रॉडची हिस्टरी आहे. सीनियर सिटिझन्सना टार्गेट करतात हे लोक. मी कंप्लेंट ड्राफ्ट करून ठेवलीय." मी त्याला म्हटले, माझे ऑपरेशन होईपर्यंत थांब. तो थांबला आहे. पण गुरुवारी माझे काही बरेवाईट झाले तर शुक्रवारी तो तक्रार देईल, आणि ज्याला मी एकदा बुडवले त्याला मी मेल्यावर दुसऱ्यांदा बुडवीन.

प्रज्ञेशला तोंडी सांगावे तर त्याचे कपडे हिराबाईंकडेच इस्त्रीला जातात, आणि त्याच्या पोटात तीळभर गोष्ट राहत नाही. शिवाय साईनाथला मी चारचौघांत बुडवले, त्याला सोडवायचे तर लेखीच हवे. लिहावे तर हिराबाई दुखावतात, न लिहावे तर साईनाथ अडकतो. आठ-दहा दिवस मी हेच करते आहे. लिहिते आणि खोडते.

सबब, मी आता न खोडता लिहून ठेवते की, चिठ्ठी क्रमांक ४१२ मधील किंमत खोटी आहे व ती खोटी असल्याचे मला लिहिताना माहीत होते. एक लाख सत्तर हजार रुपये मी स्वखुशीने दिले. साईनाथ परदेशी यांनी मला फसवलेले नाही. अकरा वर्षांपूर्वी बैठकीत मी त्यांच्याविषयी जे बोलले ते मी मागे घेते व त्यांची क्षमा मागते. हे कलम संग्राहकांच्या बैठकीत प्रज्ञेशने मोठ्याने वाचावे. या मृत्युपत्रावर साईनाथ साक्षीदार म्हणून सही करणार आहेत. साक्षीदाराला मिळकतीतले काही न दिलेले बरे, असे वकीलबाई म्हणाल्या. क्षमा ही मिळकत नव्हे, असेही त्यांचे मत पडले.

रविवार, १२ तारीख. कलम चौथे पुढे चालू.

मृत्युपत्र घरात वाचतात तेव्हा शेजारपाजार बसलेला असतो. हिराबाई पहिल्या रांगेत असतील. त्यांना हे तिथे कळू नये म्हणून मी आज दुपारी कागद घेऊन दुकानात गेले. त्यांनी वाचायला हात पुढे केला. मी दिला नाही, मीच वाचले. दिराच्या किल्लीपासून साईनाथच्या क्षमेपर्यंत सगळे. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली होती.

त्या म्हणाल्या, "सोळा वर्सं दर दिवाळीला मी इचारायची आन् हसायची. तवा तू काय करत व्हतीस?"

त्या मला कायम 'तुमी' म्हणतात.

"माजी कीव करत व्हतीस?"

"नाही. घाबरत होते."

"कुनाला?"

"तुम्हालाच."

त्यांनी शर्टाची कॉलर ताणून सरळ केली. "पोरीची फी भरलीया. ते पैसं मी माघारी देनार न्हाई."

"देऊ नका."

"आन् मी तुजी मिंधी न्हाई. पोरगी तिच्या गुनांनी गेली कालेजात."

"हो."

"त्यो साईनाथ सही करनार. दुसरा कोन हाय?"

मी म्हटले, वकीलबाईंकडचा कारकून.

"त्याला काय ठावं हाय?" त्या म्हणाल्या. आणि इस्त्री हातात घेऊन म्हणाल्या, "जा आता. गिऱ्हाइकाचं कापड हाय."

मी घरी आले. त्या रागावल्या आहेत. माझ्याशी पुन्हा बोलतील की नाही, मला माहीत नाही. गुरुवारची भीती आता थोडी मागे पडली आहे, कारण ही भीती पुढे आली आहे. कलम चौथे संपले.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खाडाखोड आहे तिथे माझी आद्याक्षरे घातली आहेत. ती बरीच आहेत.

ठिकाण : येरवडा, पुणे
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

लिहून ठेवणार :
(सही) कल्याणी तात्याराव रणपिसे

साक्षीदार. लिहून ठेवणार यांनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर करत आहोत :

१. (सही) साईनाथ दत्तात्रय परदेशी

२. (सही) हिरा बबन राऊत
मी बोलावल्याबिगर आले. कारकुनाला परत धाडला. कागद सगळा मी माझ्या डोळ्यांनी वाचला, लिवलंय ते खरं हाय. राग गेलेला न्हाई. ऑपरेशन करून घरी ये, मला अजून लई भांडायचंय.